उजवा शाफ्ट

सन १९५५, पौष महिना. धानाची मळणी उरकली होती. पहाटे बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, पाण्यावरून वाफ निघायची. त्या हिवाळ्यात मी दोनदा पाण्यात उतरलो. मी लटारू फिटरच्या टग बोटीचा उजवा शाफ्ट, पंखा फिरवणारा दांडा, बोलतोय.

आज मी लटारूची बायको रंभा हिच्या कोंबड्यांच्या खुराड्याला अडसर म्हणून घातलेला आहे. गंजलो आहे, पण वाकलो नाही. माझी कीव करू नका. ऐकून घ्या.

जन्मानं मी शाफ्ट नव्हतो. एटापल्लीकडच्या एका ठासणीच्या बंदुकीचा गज होतो. नळीत दारू ठासायची, एवढंच माझं काम. मालक मेला, बंदूक सरकारात जमा झाली, गज घरात राहिला. मालकाचा मुलगा कोलू बल्लारपूरकडच्या एका लाकूड डेपोत ओंडके ओढायला आला. त्यानं मला सोबत आणलं आणि डेपोच्या वर्कशॉपमधल्या लटारूला दिलं.

लटारूनं मला वाइसमध्ये आवळलं आणि करवतीनं मधोमध कापलं. उजवा तुकडा मी, डावा माझा भाऊ. लोखंड ओरडत नाही, म्हणून कापणाऱ्याला वाटतं त्याला काही होत नाही.

बोट कशासाठी, ते मला वर्कशॉपमधल्या बोलण्यातूनच कळलं. तिथं रोज तीच गोष्ट निघायची.

रामाजी तिथला मोठा मिस्त्री. लढाईच्या काळात तो मुंबईच्या गोदीत होता. टग कशी असते, केवढ्याशा अंगानं केवढं जहाज ओढते, हे तो जेवतानाही सांगायचा. लढाई संपल्यावर तो परत आला आणि त्याच वर्षी वर्धा नदीच्या पुरात लटारू वाहून चालला होता. रामाजीनं त्याला केसाला धरून काठावर ओढलं. हे खरं आहे. कोणी नाकारत नाही.

पण एकदा ओढलेला माणूस रामाजीनं पुन्हा सोडला नाही. त्याचा डबा लटारूनं आणायचा, त्याच्या घरावर कौलं लटारूनं चढवायची. रामाजीच्या मुलीच्या लग्नात पाहुण्यांसमोर उभं राहून आपण कसे बुडत होतो, कसे रडत होतो, ते लटारूनं सांगायचं. पाहुणे हसायचे. रामाजी पुन्हा सांगायला लावायचा.

मग पोळा आला. तोरणाखाली गावाचे बैल उभे होते, बैलांपुढे म्हणायच्या झडत्या चालल्या होत्या. रामाजीनं आपल्या जोडीची झूल काढली, लटारूच्या पाठीवर टाकली आणि त्याला बैलांच्या रांगेत उभं केलं. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "हा माहा तिसरा बैल. नदीतून काढलेला."

लोक हसले. लटारूची दोन लेकरंही हसली. त्यांना काय कळतं. रंभा मात्र तिथून उठून गेली.

लटारूनं झूल उतरवली, घडी केली आणि विचारलं, "भाऊ, कशानं फिटते हे?"

रामाजी मजेत होता. त्यानं समोरची बोडी दाखवली. म्हणाला, "तुह्या हातची टग मले डोंग्यात बसवून पल्याड ओढून नेईल ना, त्या दिवशी फिटलं. तवर तू बैलच."

चार लोकांनी ऐकलं. कोलू त्यातला एक.

पोळ्यापासून पौषापर्यंत लटारू बोटीवर राबला. सागाच्या फळ्या, साडेतीन हात लांब अंग. पाणी मागे फेकणाऱ्या पंख्यांसाठी त्यानं रंभाची पितळी परात न विचारता कापली. तेव्हापासून तिनं त्याला भाकर वाढली, पण तोंड उघडलं नाही. लष्कराच्या मोडीतल्या ट्रकांच्या वायपर फिरवणाऱ्या दोन मोटारी आल्या. मधे ट्रकचीच बॅटरी.

आम्हाला बसवणं सोपं नव्हतं. शाफ्ट आणि मोटार एका रेषेत हवेत. केसाएवढा फरक पडला तरी सगळं अंग थरथरतं. लटारू सागाच्या पाचरी सरकवायचा, मला दोन बोटांनी फिरवायचा, मग स्क्रू ड्रायव्हरचं टोक मोटारीला आणि मूठ कानाला लावून ऐकायचा. पुन्हा सोडायचा, पुन्हा कानस. माझ्या अंगावर त्यानं गंजाचा एक खवला शिल्लक ठेवला नाही. मोटार आणि माझ्या मधे रबरी नळीचा तुकडा घातला. मी डावीकडून खाली फिरायचो, भाऊ उलटा, म्हणजे बोट सरळ जावी.

आम्ही ज्या नळ्यांतून पाण्यात जात होतो, त्यांत ग्रीस भरायचं होतं. ग्रीसचा डबा रामाजीच्या कुलपात. त्यानं दिलं नाही. म्हणून लटारूनं टोळीचं तेल भरलं. मोहाच्या बियांचं तेल त्याच्या घरी दिव्यापासून बंडीच्या कण्यापर्यंत सगळीकडे चालायचं. दुपारच्या उन्हात त्यानं आम्हाला फिरवून पाहिलं. आम्ही झकास फिरलो.

रामाजीनं नळीच्या तोंडावर बोट फिरवलं, वास घेतला, बोट लटारूच्याच सदऱ्याला पुसलं. म्हणाला, उद्या पहाटे, भोंग्याच्या आधी. पहाटेच का, ते मला नंतर कळलं.

पहाटे गवतावर दहिवर होतं. मासे धरणाऱ्या ढिवराच्या डोंग्यात रामाजी घोंगडी घेऊन बसला. लटारूनं बटण दाबलं. टोळीचं तेल रात्रीत तुपासारखं थिजलेलं होतं. मी कसाबसा वळलो. भाऊ वळलाच नाही. त्याची मोटार गुरगुरली, धूर आला आणि ती जळाली. डोंगा हललाही नाही.

रामाजी डोंग्यातून उतरला, झूल सोबतच आणली होती, ती लटारूच्या खांद्यावर टाकून कामावर गेला.

घरी रंभा इतक्या दिवसांनी बोलली. "पौषात दिव्यातलं तेल मी काडीनं खरडून काढून राह्यली. डोळे होते ना तुमाले? का मोटारीले थंडी नाई वाजत?" तिनं फळीवरची एरंडेलाची बाटली काढून त्याच्यापुढे आपटली. एरंडेल थंडीत थिजत नाही.

लटारूनं जळकी मोटार उकलली, दुसऱ्या मोडक्या मोटारीच्या तारेनं पुन्हा गुंडाळली, आम्हाला उपसून धुतलं, नळ्यांत एरंडेल भरलं. आणि रामाजीकडे गेला. म्हणाला, पुन्हा. पहाटेच.

या वेळी काठावर सगळा डेपो होता. रामाजीनं डोंग्यात ऐरण ठेवायला लावली आणि मग स्वतः बसला.

"हे काय, भाऊ?" लटारूनं विचारलं.

"मी बसतो म्हटलं होतं. एकटाच बसतो असं कोणी म्हटलं?"

लटारूनं सुकाणू सरळ बांधलं, दोर अडकवला, बटण दाबलं.

आम्ही दोघं फिरलो. दोर ताणला गेला, पाणी मागे फेकलं गेलं, पण डोंगा जागचा हलेना. मग हलला. बोटभर, हातभर, मग चालू लागला. काठावर कोणी हसत नव्हतं. रामाजीनं हळूच एक हात पाण्यात सोडला, वल्ह्यासारखा, उलटा.

कोलू ओरडला नाही, नुसतं म्हणाला, "भाऊ, हात वर घ्या. बैलाले ओढू द्या."

आता लोक हसले. रामाजीनं हात वर घेतला.

बोडीच्या मध्यावर भावाची मोटार पुन्हा जळाली. गुंडाळलेली तार तेवढीच टिकायची होती. भाऊ थांबला आणि मेलेल्या मासोळीसारखा अंगाला लोंबत राहिला. पुढं मी एकटा. एकट्या उजव्या पंख्यानं बोटीचं नाक डावीकडे वळायला लागलं. माझी मोटार तापली, रबर वितळून माझ्या मानेला चिकटलं, नळीतलं तेल उकळलं. काठावरून लटारूला धूर दिसत होता. तो कंबरभर पाण्यात आला असता तर बटण बंद करता आलं असतं. तो आला नाही. मी जळालो तरी चालणार होतं. मी थांबलो असतो तर चालणार नव्हतं.

समोरचा काठ चुकला. बोट डाव्या कोपऱ्यातल्या कमळांत शिरली, चिखलाला टेकली, आणि त्याच घटकेला माझी मोटार गेली. डोंगा मागून येऊन तिच्यावर आदळला. भावाची नळी फुटली. तो तिथंच चिखलात गेला, अजून तिथंच आहे.

रामाजी म्हणाला, पल्याड म्हणजे समोर.

कोलू बांधावरून चालत तिथवर आला होता. म्हणाला, "तवा पल्याड म्हटलं, भाऊ. समोर नाई म्हटलं."

पोळ्याला ते ऐकणारे बाकीचे तिघंही कोलूच्या मागं येऊन उभे राहिले. लटारू आला. त्यानं हात पुढे केला नाही.

रामाजी ऐरण सोडून एकटाच उतरला. गुडघ्याएवढा चिखल होता. एक पाय काढला, मग दुसरा.

"फिटलं," तो म्हणाला.