सरकार गेले

त्यांचं खरं नाव ऑफिसात फार थोड्यांना ठाऊक होतं. गर्दी कसलीही असो, मोर्चाची, अपघाताची, नाहीतर एखाद्या पुढाऱ्याच्या सत्काराची, हा माणूस कॅमेरा डोक्याच्या वर धरून 'सरका, सरका जरा' करत घुसायचा आणि सगळ्यांच्या पुढे जाऊन उभा राहायचा. त्या 'सरका'चं कुणीतरी 'सरकार' केलं आणि तेच चिकटलं. एकदा फोटोच्या नादात ते भिंतीवरून खाली आले आणि पाय मोडून घेतला. शिपायाने धापा टाकत आत येऊन 'सरकार पडलं' एवढंच सांगितलं, तर बातम्यांचे प्रमुख हातातला चहा तसाच टाकून पहिलं पान थांबवायला धावले. नवा माणूस कामाला लागला की त्याला हा किस्सा पहिल्याच दिवशी ऐकवायचे, आणि सरकार जवळपास असले तर शिपायाची नक्कल तेच करून दाखवायचे.

म्हणूनच त्या सकाळी 'सरकार गेले' असा फोन आला तेव्हा वार्ताहर बाईने सवयीने 'कुठे?' असं विचारलं. पलीकडे कुणीच बोललं नाही. मग ती होती तिथेच, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर, बसली.

तिची उभी नोकरी सरकारांच्या स्कूटरच्या मागच्या सीटवर गेली होती. नवी नवी असताना एका अपघाताच्या जागी तिला भडभडून उलटी झाली. सरकारांनी तिला आडोशाला नेलं, पाणी दिलं, आणि ऑफिसात परतल्यावर ब्रसुद्धा काढला नाही. दुसऱ्या दिवशी एवढंच म्हणाले, "पोरी, ज्या दिवशी काहीच वाटणार नाही त्या दिवशी मला सांग. मग आपण तुला हवामानाच्या बातम्यांवर टाकू." ते तिला कायम पोरी म्हणायचे. तिचे केस पांढरे झाले तरी पोरीच.

अंत्यविधी उरकले. दुसऱ्या दिवशी संपादकांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. तेही रात्रभर झोपलेले दिसत नव्हते.

"रविवारचं अख्खं पान सरकारांचं," ते म्हणाले. "लिहायचं तू. आणि फोटो तो. अर्धं पान."

'तो' म्हणजे कुठला हे विचारायची गरज नव्हती. पुष्कळ वर्षांपूर्वी गावाबाहेरच्या कारखान्याला आग लागली होती. आत अडकलेल्यांच्या बायका बंद फाटकाबाहेर जमल्या होत्या. त्यांतली एक तरुण बाई फाटकाचे गज दोन्ही मुठींत धरून उभी होती, तोंड उघडं, नजर कॅमेऱ्याच्या वरून पलीकडे कुठेतरी. फोटो पाहिला की कानावर हात ठेवावासा वाटायचा. तो दूरदूरच्या पेपरांनी उचलला, त्याला बक्षिसं मिळाली, सरकारांचं नाव झालं. मात्र नंतर कुणी तो प्रदर्शनाला मागितला, पुस्तकाला मागितला, की सरकार एकच सांगायचे, "ओल लागली हो, निगेटिव्ह गेली." निवृत्तीच्या वेळी ऑफिसने त्यांच्या फोटोंचं मोठं प्रदर्शन मांडलं, त्यातही तो नव्हता.

"जुन्या अंकावरून काढता येईल," संपादक म्हणाले, "पण चिखल दिसेल नुसता. वहिनींना विचार. खराब का होईना, निगेटिव्ह घरात कुठेतरी असेल. हल्ली सगळं साफ करता येतं."

वहिनींच्या घरी शेजाऱ्यांकडून आणलेल्या खुर्च्या अजून तशाच भिंतीला लावून ठेवल्या होत्या. पाहुणे पांगले होते. मुलगा कसलीशी कागदपत्रं आणायला बाहेर गेला होता. वहिनी ओल्या फडक्याने कपाट पुसत होत्या. पुसून झालेलं पुन्हा पुसत होत्या.

"आलीस? बस," त्या म्हणाल्या. "सगळे म्हणतात चांगलं मरण आलं. कुणाला त्रास नाही, अंथरुणाला खिळले नाहीत. आता मी काय बोलू त्यावर?"

त्यांचे डोळे कोरडे ठणठणीत होते. वार्ताहर बाईने निगेटिव्हचं विचारलं, आणि विचारताना स्वतःचीच लाज वाटली.

"खराबबिराब काही झालेली नाही," वहिनी म्हणाल्या. "थापा मारायचे. ती त्या बाईकडे आहे. स्वतः नेऊन दिली तिला."

"कुठल्या बाईकडे?"

"फोटोतल्या. शिवणकाम करते. बसस्टँडच्या मागे दुकान आहे तिचं. हे जायचे अधूनमधून. मी कधी गेले नाही. काय बोलायचं जाऊन?" त्यांनी फडकं पिळलं, पुन्हा पाण्यात बुडवलं. "तिला अजून कळलं नसेल बघ. तुम्ही पेपरात छापलंत, पण ती पेपर घेत नाही. घेईल तरी कशी? तू जातेच आहेस तर सांग तिला. नीट सांग."

दुकान म्हणजे एक शटर, आत दोन मशिनं, भिंतीला खिळ्यांवर टांगलेले शाळेचे अर्धवट गणवेश. एका मशिनवर चादर टाकलेली होती, दुसऱ्यावर एक प्रौढ बाई पडद्याची लांबलचक शिवण घालत होती. गळ्यात टेप, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. हजारदा पाहिलेला चेहरा, पण वार्ताहर बाईला ओळखता आला नाही. तोंड मिटलेलं होतं म्हणून असेल.

"काय शिवायचंय?" शिंपीणबाईंनी मान वर न करता विचारलं.

"शिवायचं काही नाही. मी पेपरातून आलेय."

पायाखालची पट्टी थांबली. "फोटोवाल्यांनी पाठवलं?"

आजवर अशा किती दारांत वार्ताहर बाई उभी राहिली होती, पण ती प्रश्न विचारायला. सांगायला कधीच नाही. एवढ्या वर्षांत शिकलेला एकही शब्द कामाला येईना.

"ते गेले," ती म्हणाली. "परवा सकाळी. घरीच. हृदय बंद पडलं."

शिंपीणबाईंनी हाताने चाक फिरवून सुई वर घेतली. कापड बाहेर ओढलं, दोरा तोडला, पडद्याची घडी घातली, घडीवर हात फिरवला. मग चष्मा काढला.

"बसा तुम्ही," त्या म्हणाल्या. "उभ्या उभ्या सांगून लोक निघून जातात. बसा."

वार्ताहर बाई दुसऱ्या मशिनच्या स्टुलावर बसली. मग शिंपीणबाई आपणहून बोलायला लागल्या, कापडाच्या त्या घडीशी बोलावं तसं.

"आमचे गेले, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी घराघरात होते. पान बांधायच्या कागदावरसुद्धा मी. पोरगी लहान होती, ती माझा फोटो दिसला की घाबरून रडायची. आईला घाबरायची ती, समजतंय का? मग हे आले. माफी मागायला. मी दार नाही उघडलं. परत आले, परत नाही उघडलं. शेजारीण म्हणाली, अगं निदान चार शिव्या तरी घाल, म्हणजे यायचा थांबेल."

"घातल्यात?"

"घातल्या की. चांगल्या ठेवणीतल्या घातल्या. खाली मान घालून ऐकून घेतल्या आणि पुढच्या महिन्यात पुन्हा हजर." त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं आणि गेलं. "एकदा बघितलं तर खांद्यावरच्या पिशवीचा पट्टा उसवलेला. आता मी शिवणारी बाई, मला बघवेना. म्हटलं आणा इकडे, पडेल तुमचं ते यंत्र. तेव्हापासून आत यायला लागले. चहा घ्यायचे, पोरीचा अभ्यास विचारायचे. तिच्या लग्नाचे सगळे फोटो त्यांनीच काढले. त्यातला एकसुद्धा माझा नीट आला नाही, मी कॅमेऱ्यापुढे लाकूड होते. म्हणायचे, ताई, जरा श्वास तरी घ्या."

"आणि ती निगेटिव्ह?"

"ती आणून दिली. म्हणाले तुमची आहे, तुमच्याकडे राहू दे. जाळा, ठेवा, काय ते करा. मी जाळली नाही. त्यात मी जिकडे बघतेय, तिकडेच आमचे होते ना. कशी जाळू?"

आता विचारावंच लागणार होतं. रविवारचं पान, सरकारांची आठवण, अर्ध्या पानाचा फोटो, तिने सगळं एका दमात सांगून टाकलं.

शिंपीणबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "कुणी मागितला की ते आधी मला येऊन विचारायचे," त्या म्हणाल्या. "इथेच बसून. ताई, अमके अमके मागतायत, काय सांगू? मी म्हणायचे नको. बरं म्हणायचे, चहा संपवायचे आणि जायचे. कधी एका शब्दाने, आता बरीच वर्षं झाली ताई, असं म्हणाले नाहीत. ते गेले म्हणून माझं उत्तर बदलेल असं वाटलं तुम्हाला?"

"नाही," वार्ताहर बाई म्हणाली. आणि खरंच, तिला तसं वाटत नव्हतं.

बाहेर येऊन तिने संपादकांना फोन लावला. ते आधी चिडले. फोटो पेपरचा आहे, एकदा छापलेला आहे, त्यात विचारायचं काय, आणि जुन्या अंकावरून काढायला कोण अडवणार आहे?

"कुणीच नाही," ती म्हणाली. "पण तो लावणार असाल तर मजकूर दुसऱ्या कुणाकडून लिहून घ्या. मला जमायचं नाही."

"धमकी देतेस?"

"नाही हो, साहेब. खरंच जमायचं नाही. त्या फोटोपायी किती मोठी प्रदर्शनं हातची घालवली त्यांनी, आणि ऑफिसभर थाप मारत फिरले ओल लागली म्हणून. आता ते नाहीत तर आपण तो छापायचा?"

 पलीकडून संपादकांचा कसनुसं हसल्यासारखा आवाज आला. "आणि मी त्यांना निगेटिव्ह ठेवायला लोखंडी कपाट मंजूर करून दिलं होतं. ओल लागू नये म्हणून." त्यांनी नाक शिंकरलं. "दुसरा शोध मग. चांगला शोध."

रविवारी पानावर आला तो एका गोलकीपरचा फोटो. कुठल्याशा फुटकळ सामन्यातला, चेंडू मागे जाळ्यात पडलेला, आणि हा खांबाला टेकून, कुणीतरी घ्यायला येणार असल्यासारखा रस्त्याकडे बघतोय. तो गाजलेला फोटो का नाही, असं विचारणारे वाचकांचे फोन सोमवारभर येत राहिले. पण ते सगळं पुढचं.

त्या दुपारी ती फोन पर्समध्ये टाकून वळली, तर शिंपीणबाई दारात उभ्या. गळ्यातला टेप काढून ठेवलेला, पायात चपला.

"त्यांच्या घरच्या कशा आहेत?"

"रडल्या नाहीत अजून. कपाटं पुसत बसल्यात."

"कुणी विचारलं त्यांना?"

"काय विचारायचं?"

शिंपीणबाईंनी तिच्याकडे रोखून पाहिलं. "मला जन्मभर लोक विचारतात, फोटोतली तीच का तुम्ही. त्या सकाळी आमचे घरातून कसे निघाले, काय बोलले, हे एकानेही विचारलं नाही. फोटोवाल्यांनी विचारलं, तेही किती वर्षांनी. चला, मला घर दाखवा." त्यांनी शटर खाली ओढलं आणि कुलूप घातलं.

वहिनींनी दार उघडलं आणि ओळख करून द्यायच्या आधीच त्यांना कळलं. "या, ताई," त्या म्हणाल्या, जणू रोजचं येणंजाणं असावं. दोघी समोरासमोर, त्या शेजाऱ्यांच्या खुर्च्यांवर बसल्या. "मी चहा टाकते," असं म्हणून वार्ताहर बाई स्वयंपाकघरात गेली.

पातेलं, साखर, पावडर, सगळं तिला ठाऊक होतं. या ओट्याशी उभं राहून तिने सरकारांच्या हातचा चहा कितीदा घेतला होता. पाणी तापत होतं तेव्हा बाहेरून शिंपीणबाईंचा आवाज आला.

"कसे गेले, वहिनी? मला सगळं सांगा. सकाळपासून सांगा."

"काय सांगायचं... चांगलं मरण..."

"ते नको. उठले कधी?"

 मग वहिनी बोलू लागल्या, आधी अडखळत. उठले नेहमीसारखे. दाढी करताना गुणगुणत होते, बेसूर, नेहमीसारखंच. गच्चीवरच्या कबुतरांना ओरडून आले. मग म्हणाले, छातीत जरा भरून आल्यासारखं वाटतंय, रात्रीचं बाधलं असेल. "मी म्हटलं, मग कशाला हावरटासारखं खायचं. असं म्हटलं मी, ताई. ते हसले. खुर्चीत बसले. मी पाणी आणायला वळले, तर म्हणाले, अगं, आधी इकडे ये जरा. मी म्हटलं, आलेच, पाणी घेऊन येते. आणि मी पाणी..."

पुढचे शब्द आलेच नाहीत. आला तो नुसता आवाज, लांबलचक, घरभर पसरलेला. मधूनच शिंपीणबाईंचं हलक्या आवाजातलं "हो... हो..." तेवढं ऐकू येत होतं.

चहा उतू जायला आला तसा वार्ताहर बाईने गॅस बंद केला. कप काढले, ओट्यावर ओळीने मांडले, आणि त्यात चहा न ओतता ती तिथेच, तोंडाला पदर लावून उभी राहिली. बाहेर वहिनी पुन्हा बोलायला लागल्या होत्या. आता त्या लग्नाच्या वेळचं काहीतरी सांगत होत्या.