ओठाचा डावा कोपरा

सुनेत्राचा कुंचला मोठा मायाळू. ऑस्ट्रेलियात, कालगुर्लीतल्या आठ-दहा मराठी घरांत तिने काढलेली पोर्ट्रेट्स लटकलेली आहेत, आणि त्यांत कुणाला टक्कल नाही, डबल चिन नाही, की डोळ्यांखाली काळी वर्तुळं नाहीत. न आवडायला काय झालं!

नवऱ्याचं चित्र मात्र तिने कधी काढलं नव्हतं. दत्तप्रसाद खाणीत इंजिनिअर. सात महिन्यांपूर्वी एका सकाळी चूळ भरताना पाणी ओठांतून गळायला लागलं, आणि दुपारपर्यंत चेहऱ्याची डावी बाजू लुळी पडली. नस हळूहळू सुधारेल, व्यायाम करत राहा, असं पर्थच्या डॉक्टरांनी सांगितलं. तेव्हापासून तो कुणाच्या फोटोत येत नसे. म्हणून त्यानेच "माझं एक पोर्ट्रेट काढ ना" म्हटलं, तेव्हा सुनेत्रा हरखून गेली. दोन वीकेंड तिने जीव ओतला. ओठ सरळ, डोळे सारखे. अगदी लग्नातला दत्ता.

तो चित्रासमोर वाकला.

"परफेक्ट आहे गं. पण हा मी नाहीये."

"बरा झालास की असाच दिसशील ना!"

"हे बघ." त्याने स्वतःच्या ओठाच्या डाव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "रोज अर्धा तास आरशासमोर एक्सरसाइज करतो, तेव्हा कुठे हा आता एवढासा वर जातोय. तू एका फटकाऱ्यात सरळ करून टाकलास."

तो कोपरा वर जातो, हे सुनेत्राला ठाऊकच नव्हतं. जेवताना, टीव्ही बघताना ती त्याच्या उजवीकडे बसायची. त्याला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून, असं स्वतःला सांगायची. खरं तर तिलाच बघवत नव्हतं. तिला स्वतःची लाज वाटली.

रंग अजून ओला होता. तिने सुरीने ओठ खरवडून काढले आणि स्टूल त्याच्या डावीकडे नेऊन ठेवलं.

"हास."

"वेडंवाकडं दिसेल, सुनू."

"दिसू दे."

तो हसला. उजवी बाजू सहज गेली; डावी थरथरली, अडली, मग तांदळाच्या दाण्याएवढी वर सरकली. नीट न मिटणाऱ्या डोळ्यातून पाणी गालावर आलं. ते पुसायला त्याने हात उचलला.

"राहू दे," ती म्हणाली, आणि तेही रंगवायला घेतलं.

ओठ दमून खाली आला. "सॉरी. फार टिकत नाही."

"नो वरीज. पुन्हा कर," सुनेत्रा म्हणाली आणि नजर न हलवता वाट बघत बसली.