पंपाचं पाणी

"हेही गेलं," बायको म्हणाली आणि सदाफुलीचं रोप तिने मुळासकट उपटून बाजूला ठेवलं.

त्याने ते उचलून पाहिलं. शेंडा पिळवटून खाली वळला होता, देठ वाकडातिकडा झाला होता. उन्हाने वाळलेलं रोप असं दिसत नाही. असं रोप तो रोज पाहायचा, कारण असं करण्याचाच त्याला पगार मिळायचा. फुटपाथच्या कडेला आणि भिंतींच्या बुडाशी उगवलेल्या तणावर पाठीवरच्या पंपाने औषध मारायचं, हे त्याचं पालिकेतलं काम.

रोपं लावलेली ही तिकोनी जागा पाण्याच्या जुन्या टाकीमागे होती. फुटक्या फरशा, बाटल्या, एक मोडका कमोड, असं कुणाकुणाचं नकोसं झालेलं तिथे वर्षानुवर्षं साचलं होतं. दोन बाळं गेल्यावर बायकोने घरात तोंड मिटून घेतलं होतं. पहिलं पोटातच गेलं, दुसरं घरी आलं पण त्याने महिनाही काढला नाही. "माझ्या हाताला यशच नाही," एवढं बोलून ती जी गप्प झाली ती झालीच. मग एकदा कुणाच्या तरी कुंपणातून मोडलेली कण्हेरीची फांदी तिने सहज या कचऱ्यात खोचली, आणि त्या बयेला चक्क पालवी फुटली. त्या दिवशी ती दोन घास जास्त जेवली.

त्यानंतर ती कुणाला ऐकेना. परवानगी विचारायची कुणाला, आणि विचारली तरी देतंय कोण! फरशा उचलल्या, माती भुसभुशीत केली, सदाफुली लावली, जास्वंद लावली. तिच्या नादाने त्यानेही कडेला एक कडुनिंब लावला. नवरा दिवसभर हिरवं मारतो आणि बायको संध्याकाळी हिरवं लावते, असा संसार सुरू झाला. मुकादमाला कुणकुण लागली होती.

"सगळीकडे औषध मारतोस, तेवढा एकच कोपरा बरा सुटतो रे तुझा?" त्याने विचारलं होतं. "सासुरवाडी आहे काय तिथं?"

तो नुसताच हसला, आणि मुकादमानेही पुढे ताणलं नाही.

नळ लांब होता. बादल्या वाहून बायकोची कंबर धरली, तेव्हा याचा जीव कळवळला आणि त्याला अवदसा आठवली. कामावरचा पंप त्याने खळबळून धुतला, वास घेऊन पाहिला, पाण्याने भरला आणि पाठीवर चढवून तिच्यासमोर उभा राहिला. त्याचा तो थाट बघून ती खुदकन हसली. किती दिवसांनी हसली! औषध नळीत बसतं, वायसरात मुरतं, सोडा घालून रात्रभर भिजवल्याशिवाय या पंपात दुसरं काही भरायचं नाही, हे त्याला नोकरीच्या पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तिच्या हसण्यापुढे त्याला त्यातलं काही आठवलं नाही.

आता जास्वंदीची पानं मुडपली होती. कण्हेरही माना टाकून बसली होती. बायको एकेक रोप उपटत होती आणि त्या दिवसांतल्यासारखी गप्प होती. ती पुन्हा तशीच होणार, अशी त्याला भीती वाटली.

"अगं ऐक," तो म्हणाला. "तुझं काही चुकलं नाही. हे सगळं मी मारलं."

तिने वर पाहिलं.

"पंपात औषध राहिलं होतं. नीट धुतला नाही मी. तेच पाणी झाडांना गेलं. हा शेंडा बघ, औषधानेच असा होतो. रोज बघतो ना मी!"

तिने शेंड्याकडे पाहिलंच नाही. त्याच्याकडे पाहत राहिली, फार मायेने.

"बाळाच्या वेळीही असंच म्हणाला होतात. 'दवाखान्यात न्यायला मीच उशीर केला, तुझा दोष नाही,' म्हणून."

"ते वेगळं होतं गं."

"किती वेळा माझ्यासाठी स्वतःवर घ्याल?"

त्या वेळी तो तिच्यासाठी खोटं बोलला होता. आज खरं सांगत होता, आणि ते सिद्ध करायला त्याच्याकडे काही नव्हतं.

"तुझी शपथ! मुकादमाला विचार हवं तर."

"त्यांनाही पढवून ठेवलं असेल तुम्ही."

"बरं, तो कडुनिंब बघ. जिवंत आहे ना? पंपातलं पाणी संपलं, त्याच्यापर्यंत पोचलंच नाही, म्हणून वाचला तो."

"तो तुम्ही लावलाय," ती शांतपणे म्हणाली.

ती उठली, हातांची माती झटकली आणि घरून आणलेली बादली त्याच्यापुढे सरकवली.

"याला पाणी तुम्हीच घालत जा. मी नाही जवळ येत."

ती रस्ता ओलांडून पलीकडे गेली. त्याने कडुनिंबाभोवती आळं केलं, ओंजळीने थोडं थोडं पाणी सोडलं आणि मान वळवून पाहिलं. समोरच्या फुटपाथवर, दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून, ती पाणी मुरेपर्यंत बघत उभी होती.