पाइपावरची काठी

भाडेकरूंची भांडणं मिटवण्यात आपला हात कोणी धरणार नाही, असा मालकीणबाईंचा ठाम समज होता. नवरा गेल्यापासून घराच्या तिन्ही बिऱ्हाडांवर त्यांचा एकछत्री अंमल. त्यांच्या निकालापुढे अपील नव्हतं.

तळमजल्यावर एक म्हातारे घड्याळजी एकटे राहत. जन्मभर टिकटिक ऐकून कान इतके तिखट झालेले, की वरच्या शिवणवालीच्या मशीनची धडधड त्यांच्या डोक्यात जाई. मग ते खाटेवरून काठी लांबवून भिंतीलगतच्या पाण्याच्या लोखंडी पाइपावर ठोकत. पाइप घरभर फिरलेला, त्यामुळे मालकीणबाईंच्या स्वयंपाकघरातली भांडीसुद्धा किणकिणत. शिवणवाली बिचारी मशीन थांबवी आणि तिचं काम रखडे. दोघंही गाऱ्हाणं घेऊन मालकीणबाईंकडेच येत.

शेवटी बाईंनी एकदाचा निकाल दिला. दिवेलागणीनंतर मशीन बंद. त्याआधी काकांनी कितीही ठोकलं तरी तिनं थांबायचं नाही. दाद मिळाली नाही की खोड आपोआप जाईल.

"पण काकू, त्यांना खरंच काही हवं असलं तर?" शिवणवालीनं विचारलं.

"तर हाक मारतील. तोंड आहे की त्यांना."

शिवणवालीनं ते मान्य केलं. खोली काकूंची होती, आणि एवढ्या भाड्यात दुसरी मिळणं कठीण होतं.

पुढे ठोकणं खरंच कमी झालं. बाईंनी शेजारीपाजारी आपली अक्कलहुशारी सांगूनही टाकली. अशाच एका दुपारी त्या अंगणात कपडे वाळत घालत होत्या आणि पाइप वाजला. वरची मशीन थांबली. बाईंचं पित्तच खवळलं. एवढं बजावूनही ही पोरगी कच खाते म्हणजे काय?

"थांबवू नकोस गं, चालू ठेव!" त्यांनी खालूनच फर्मावलं.

मशीन सुरू झाली. पाइप वाजतच राहिला, सावकाश, अडखळत. मध्येच मशीन पुन्हा थांबली, बाईंनी वर डोळे वटारले, ती पुन्हा सुरू झाली. चादर झटकून होईतो पाइप गप्प झाला. मात्रा लागू पडली म्हणत बाई खुशीत घरात गेल्या.

संध्याकाळी घड्याळजींची मुलगी डबा घेऊन आली. दार आतून बंद होतं. कडी तोडली तेव्हा काका खाटेवरून खाली पडलेले, तोंड एका बाजूला वाकडं झालेलं, उजव्या हातात जीव नाही, डाव्या हातात काठी. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. अर्धांगाच्या झटक्यानं वाचाच गेली असणार, असं डॉक्टर म्हणाले.

सगळे विधी उरकल्यावर मुलगी सामान न्यायला आली. शिवणवाली जिन्यात उभी होती.

"मावशी, बाबांनी काठी वाजवली असेल ना? कुणालाच ऐकू नाही आलं?" तिनं मालकीणबाईंना विचारलं.

खरं सांगायचं मालकीणबाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण मग घराचं नाव, आपलं नाव?

"नाही गं बाई. वर दिवसभर मशीन धडधडत असते, त्यात काय ऐकू येणार?"

मुलीनं जिन्याकडे पाहिलं. शिवणवालीनं मान खाली घातली आणि ती वर निघून गेली. मालकीणबाईंना हायसं वाटलं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली.

महिनाअखेरीला शिवणवाली किल्ली परत द्यायला आली. मशीन हातगाडीवर चढली होती. भाडं कमी करते, राहा, असं बाई म्हणाल्या. तिनं मान हलवली.

"माझ्यावर ढकललंत, त्याचं काही नाही, काकू. मला वरून नुसता पाइप ऐकू येत होता. तुम्ही त्यांच्या खिडकीपाशी होतात."

त्या दुपारी खिडकी उघडी होती. चादरीचं एक टोक बाईंनी तिच्याच गजाला बांधलं होतं, आत न बघता.

बाईंनी किल्ली घेतली आणि खिळ्याला अडकवली, घड्याळजींच्या किल्लीशेजारी.