पहिल्या खोलीचं नाव

"दार वाजवायचं नाही. वाजवलं की लाकूड जागं होतं, माणूस नाही. उंबऱ्याशी उभी राहा, श्वास पुरता घे, आणि पूर्ण नाव उच्चार. आईच्या नावासकट. ती 'जागी आहे' म्हणेपर्यंत पुढच्या दाराकडे वळू नकोस."

बाईंचा हा स्वर रेणुकाच्या कानांत अजून तसाच तेवतो आहे. मंद, किंचित कापरा, समईच्या शेवटच्या वातीसारखा.

मार्गशीर्षाची पहाट. विद्यापीठाच्या माळावर धुक्याचं धूतवस्त्र अंथरलेलं. त्या शुभ्र शांततेच्या कुशीत अरुंधती निवासी महाविद्यालय निजलेलं. काळ्या पाषाणाच्या चार ओळी, मधे चौक, चौकात गगनस्पर्शी बुचाचं झाड. पूर्वेला रंग नाही, नुसती रंगाची चाहूल. लांब देठांची, चंद्रधवल फुलं एकेक करून उतरतात, जशी कोणाच्या ओठांवरून नामं उतरावीत.

अडुसष्ट वर्षांपूर्वी इथे कुसळांचा माळ होता, आणि वारा होता. त्या वाऱ्यात अकरा मुली बैलगाडीतून उतरल्या, काखेत वळकट्या, डोळ्यांत धास्ती. वेणूताई त्यांच्या पहिल्या अधीक्षिका. विद्यापीठानं मुलींना उठवायला एक पितळी घंटा पाठवली. चांगली तेजस्वी, घनगंभीर नादाची. ताईंनी तिला हळदकुंकू वाहिलं, नमस्कार केला, आणि आल्या गाडीनं परत पाठवली.

"घंटा सगळ्यांना एकच हाक मारते," त्या म्हणाल्या. "ए पोरी म्हणून हाक घरीही होतीच की. इथे नावानं उठवायचं. बापाचं नाव कागदावर असतंच. इथे मधे आईचं घ्यायचं."

त्या दिवसापासून जागवणी सुरू झाली, आणि ती आजवर अखंड आहे.

अकराच्या बहात्तर झाल्या. कंदील गेले, दिवे आले. विहीर गेली, नळ आले. मोबाइल प्रत्येकीच्या उशाशी आले, तरी गजर लावायचा नाही हा नेम कोणी न लिहिता पाळला. दरवर्षी एक मुलगी जागवणारी होते. ती बहात्तर नावं मुखोद्गत करते, दाराशी उभी राहते, नाव घेते. आणि काय सांगावं, त्या नावातली आईसुद्धा दूर कुठे धारणीला, दर्यापूरला, चुलीपाशी वाकलेली असताना क्षणभर मान वर करत असेल.

प्रत्येक व्रताला उद्यापन असतं. या व्रताला ते कधी सुचलंच नाही कुणाला.

पण जागवणारीला कोण जागवणार? ते काम बाईंचं. बाई चाळीस वर्षं इथल्या अधीक्षिका होत्या. आता बुचापलीकडच्या दोन खणांच्या कौलारू घरात राहतात, वय पंच्याऐंशी. रोज ब्राह्ममुहूर्ती स्नान, जप, मग काठीचा हळुवार ठेका, आणि यंदाच्या जागवणारीच्या, रेणुकाच्या दाराशी ते अमृतमधुर उच्चारण:

"रेणुका सुगंधा उईके."

"जागी आहे, बाई."

सोमवारी तो ठेका आला नाही.

सोमवारी सूर्य बुचाच्या शेंड्यावर चढला, सुवर्णधारा चौकभर सांडल्या, आणि बहात्तर दारं तशीच निद्रामग्न. सत्रपरीक्षेचा पहिलाच दिवस. शेवटी स्वयंपाकघरातून गोदामावशी पदर खोचून चौकात आल्या. "पोहे दोनदा गरम केले. आता त्यांचा चिवडा झाला. उठता का नाही, बायांनो?"

मग एकच धावपळ. एका पायात चप्पल, एका हातात कंगवा. "रेणुके, तू झोपलीस न बापा, आमचा पेपर तू लिवतं का आता?" शेजारच्या खोलीतली कांचन धावता धावता म्हणाली. पेपर मिळाला सगळ्यांना, अर्ध्या तासाच्या उशिरानं. पण निमकर मॅडमना विद्यापीठाच्या कचेरीतून बोलावणं आलं.

मॅडम आताच्या अधीक्षिका. त्याही कधीकाळी याच चौकात नावानं उठलेल्या. रेणुकाशी बोलताना त्यांची नजर खिडकीबाहेर होती. "आठ दिवस बघू. पुन्हा चुकलं तर विजेची घंटा बसेल. माझ्या हातात नाही गं."

आठ दिवस. अडुसष्ट वर्षांच्या काठावर ठेवलेले आठ दिवस, पानावरच्या दवासारखे.

संध्याकाळी रेणुका बाईंकडे गेली. बाई खाटेवर बसलेल्या. अंगावर पहाटेची शाल, मांडीवर आडवी काठी, पायांत वहाणा. तशाच. पहाटेपासून तशाच. समोर मावशींनी आणलेला भात गार झालेला. ओठ मात्र हलत होते, दिवसभर हलत राहिले असावेत, वारा पडल्यावरही हलणाऱ्या पिंपळपानासारखे.

"पहाटे चारपासून शोधते आहे," बाई म्हणाल्या. "सगळी नावं आहेत गं आत. पहिलं तेवढं सापडत नाही. पहिल्या खोलीचं, पहिल्या वर्षाचं. तिथून मी रोज सुरुवात करते मनात. ते आलं की बाकीची येतात मागून, जपमाळेच्या मण्यांसारखी. आज मेरुमणीच हरवला."

रेणुका खाली बसली. त्यांच्या पायांतल्या वहाणा तिनं हळूच काढल्या.

"व्रत मोडलं माझ्या हातून," बाई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. पाण्याहून कोरडं काहीतरी होतं.

"नाही मोडलं. आता तुम्ही यायचं नाही, बाई. मी येईन. उद्या पहिली हाक तुमच्या दाराशी."

बाई हसल्या, दात नसलेलं, बालनिर्मळ हसू. "मला हाक? आणि काय म्हणून मारशील? बाई म्हणून? नियम माहीत आहे ना. पूर्ण नाव."

 रेणुकाला तीन वर्षं झाली होती इथे, आणि बाईंचं नाव तिला ठाऊक नव्हतं. बाहेर येऊन विचारलं तर कांचनला नव्हतं, मावशींना नव्हतं. मॅडमनाही नव्हतं. बाई म्हणजे बाई. चाळीस वर्षांत त्या नावानं हाक मारणाऱ्या वेणूताई गेल्या, सख्या गेल्या, भावंडं गेली. आणि ज्या कंठानं हजारो नावं सूर्यासमोर धरली, त्याच कंठाचं स्वतःचं नाव कोणाच्याच ओठांवर उरलं नाही.

वाचनकक्षाच्या दाराशी काचेच्या पेटीत पहिल्या वर्षाचं हजेरीपुस्तक ठेवलेलं आहे. जाता-येता सगळ्या त्याच्याकडे बघतात. वाचत कोणीच नाही. त्या संध्याकाळी रेणुका काचेवर वाकली. पिवळलेलं, पिंपळजाळीसारखं पान, वेणूताईंचं मोत्यांसारखं अक्षर, अकरा ओळी.

खोली पहिली. द्वारका यमुना बोधनकर. वय सतरा.

ती वाचत राहिली. पुन्हा वाचलं. काचेवर तिच्या श्वासाचं धुकं धरलं, विरलं, पुन्हा धरलं. सतरा आणि अडुसष्ट, पंच्याऐंशी. मग तिला कळलं, बाई दिवसभर कोणाला शोधत होत्या.

आणि आज ही पहाट. धूसर, दवभारित, मौनधवल. काठीचा ठेका नाही. उंबऱ्याशी कोणी नाही. कोणी हाक मारली नाही, तरी रेणुका जागी झाली. जणू रात्रभर ते नावच तिच्या उशाशी बसून होतं. तिनं चूळ भरली, केस बांधले, शाल घेतली. दार अलगद ओढलं, कडीही वाजू दिली नाही.

बहात्तर दारं मिटलेली. त्यांच्याआड बहात्तर श्वास, बहात्तर आया, बहात्तर दिवस थांबलेले. त्यांची वेळ येईल. त्यांच्याकडे ती परत येईल. आधी पहिली खोली.

पारावरच्या फुलांना पाय लागू न देता ती बुचाला वळसा घालून निघाली. समोर धुक्यात कौलारू घर, घराला मिटलेलं दार, दारामागे एक सतरा वर्षांची मुलगी, पंच्याऐंशी वर्षांची. रेणुका चालत होती, हळू, अगदी हळू, ओंजळीत अर्घ्याचं पाणी न्यावं तसं ओठांवर एक नाव सांभाळीत, थेंबही न सांडता.