दक्षिणेचं पाणी

"चहात साखर घातलीये की नुसती दाखवलीये?" आई माझ्या कानाशी कुरकुरली. "आणि हा वास कसला? कुणी मेलंय का इथे?"

"धक्क्याला मेंढरांचं जहाज लागलंय. वारा तिकडून येतोय."

"बिचारी. त्यांनाही कुणी विचारलं नसेल, यायचंय का म्हणून."

पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या फ्रीमँटल बंदरातली ही गॅलरी पूर्वी लोकरीचं गोदाम होती. आईच्या चित्रांचं प्रदर्शन चारला उघडणार होतं आणि साडेतीन वाजून गेले होते. आई आमच्या जमिनीवरचे पाणवठे रंगवते, प्रत्येक पाणी जिथल्या तिथे, नकाशासारखं. वाळवंटातल्या आमच्या आदिवासी वस्तीवरून दोन दिवस गाडी हाणत आम्ही तिघं आलो होतो. पुढे माझा नवरा क्लिफ्टन, मागे आई आणि मी, मध्ये टांगलेली चादर. आमच्यात सासू-जावई एकमेकांकडे बघत नाहीत, बोलत नाहीत. राग नसतो त्यात, मान असतो. तो आला की आई तोंड फिरवते. गेली दोन वर्षं मात्र क्लिफ्टन कुठेही शिरण्याआधी खिशातल्या किल्ल्या वाजवतो. का वाजवतो, हे मी विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही.

आताही किल्ल्या वाजल्या. आईनं भिंतीकडे तोंड केलं. क्लिफ्टन लाकडी खांबाआड थांबला आणि खांबाशीच बोलू लागला.

"खांबदादा, कुणाच्या तरी बायकोला जरा बाहेर पाठव."

"जा," आई मला म्हणाली. "खांब बोलावतोय."

दाराबाहेर त्याच्या चेहऱ्यावरचं हसू उतरलं. "मोठं चित्र बघितलंस?"

"बघितलं."

"नीट?"

मी बंदराच्या क्रेन मोजू लागले.

"कार्मेल, दक्षिणेचं पाणी उत्तरेला गेलंय. उत्तरेच्या पाण्यावरच चढलंय ते. या चित्राच्या भरवशावर माणूस निघाला तर तहानेनं मरेल."

"इथल्या लोकांना काय कळतंय? त्यांना भिंतीवर लावायला हवंय."

"त्यांना नाही कळणार. एथेल आत्याला कळेल."

एथेल आत्या डायलिसिससाठी तीन वर्षांपासून इकडेच राहते. ती त्याच पाण्यांवर वाढलेली, आईच्याच पिढीची. कोणाला कुठली जमीन ठाऊक आहे, कुणी कुठली गोष्ट रंगवावी, पोरींना कुणी शिकवावी, हे आमच्याकडे तिच्यासारख्यांच्या शब्दावर ठरतं. इडा आपली जमीन विसरली, एवढं आत्या आईबद्दल फोनवर बोलली असती तरी पुरे होतं. परत गेल्यावर आईपुढे कुणी कॅनव्हास पसरलाच नसता.

आणि आई काहीही विसरली नव्हती. चूक माझी होती.

आम्ही कॅनव्हास जमिनीवर पसरतो. रंगवणारी त्याच्या चारी बाजूंनी सरकत बसते. दोन वर्षं मी आईच्या रंगांच्या वाट्या एकाच क्रमानं मांडत आले होते, पहिली पांढरी, मग पिवळी, मग तांबडी. आई काठावर हात ठेवायची, वीतभर मोजायची आणि हात चालायचा. हे मोठं चित्र अर्धं झालं असताना एक दिवस ऊन आलं. ती पाय मोकळे करायला उठली, तेव्हा मी कॅनव्हास ओढून सावलीत घेतला आणि तो फिरला. ती परत येऊन आपल्या जागी बसली. कॅनव्हास फिरलाय, एवढं मी सांगायला हवं होतं. पण जिला दिसतं तिला असं सांगावं लागत नाही. आणि तिला दिसत नाही, असं आमच्या घरात कुणी म्हणालं नव्हतं.

मी गॅलरीच्या फिलिपाबाईंना गाठलं. "ते मोठं चित्र आज झाकून ठेवता येईल?"

"झाकून?" बाई घाबरून हसल्या. "अहो, सगळे त्याच्यासाठीच येतायत! या वयात तुमच्या आईनं केवढं धाडस केलंय. एका पाण्यावर दुसरं पाणी! अगदी नवं वळण आहे हे."

नवं वळण. मला रडू यायचं ते हसू आलं.

चार वाजले. लोक आले, सुंदर चपला घालून, हातात ग्लास घेऊन. नातीनं व्हीलचेअर ढकलत एथेल आत्याला आणलं. आत्या आधी आईच्या गळ्यात पडली. दोघी एकमेकींना थापटत बसल्या.

"जाड झालीस गं," आत्या म्हणाली.

"तू हाडकुळी झालीस. मशीन रक्त पितंय वाटतं."

मग आत्यानं मोठ्या चित्राकडे पाहिलं. पाहतच राहिली. थोड्या वेळानं तिनं नजर खाली घेतली आणि मांडीवरची शाल नीट करू लागली. ती नीटच होती.

"इडा आता आपल्याला चित्राची गोष्ट सांगतील," फिलिपाबाईंनी टाळ्या वाजवून जाहीर केलं.

मी आईचा दंड धरला. "आई, तू दमलीयेस. बसूनच सांग."

"बसून कशी सांगू? पाणी दाखवायला नको?"

ती चित्रापाशी गेली. काठ चाचपला, वीत मोजली आणि बोट टेकवलं. "हे दक्षिणेचं पाणी. इथे माझी आई मला पाठीवर घेऊन आली. उन्हाळ्यात सगळं आटतं, हे आटत नाही."

लोक माना डोलावत होते. तिच्या बोटाखाली कोरडी वाळू होती, ठिपक्याठिपक्यांची. खांबामागे किल्ल्या एकदा वाजल्या आणि थांबल्या. नात आत्याच्या कानाशी काहीतरी पुटपुटली. "गप," आत्या म्हणाली, पण तिला आवाज हळू ठेवता आला नाही.

आई थांबली. शांतता तिनं बरोबर ऐकली.

"कार्मेल, एथेल गप्प का झाली?"

"ऐकतीये ती."

"एथेल ऐकताना बडबडते. कार्मेल, माझ्या बोटाखाली पाणी आहे ना?"

माझ्याकडे सगळे बघत होते, एक तीच सोडून. हो म्हणाले असते तर ती पुढच्या पाण्याकडे गेली असती, मग त्याच्या पुढच्या, आणि आत्या शाल नीट करत राहिली असती.

"नाही, आई. वाळू आहे. सगळं बरोबर रंगवलं होतंस तू. मी मध्येच कॅनव्हास फिरवला आणि तुला बोलले नाही."

"का नाही बोललीस?"

"बोलले असते तर तेही बोलावं लागलं असतं."

"ते म्हणजे काय?"

"तुला दिसत नाही, आई."