खांबाला बांधलेली गोधडी

"वीस!" अभिमननं तिसऱ्यांदा छातीठोकपणे सांगितलं, तसा रतिलाल सरांनी चष्मा काढून पुस्तकावर ठेवला.

"अरे, दोरीच्या दोन्ही टोकांना दहा-दहा किलोचा जोर लावलाय. मग दोरीतला ताण किती?"

"दहा इकडून, दहा तिकडून. झाले ना वीस? दोन बैल जुंपले म्हणजे दुप्पटच जोर ना, सर?"

"बैल एकाच बाजूला ओढतात रे बाबा!"

सरांनी वरणगावातल्या पोरांच्या दोन पिढ्या विज्ञानात पास केल्या होत्या, पण निवृत्तीनंतर गळ्यात पडलेलं हे चव्वेचाळीस वर्षांचं पोर काही हाती लागत नव्हतं. तरी दर रविवारी ते अभिमनच्या ओट्यावर येऊन बसत. अभिमन कारखान्यात बावीस वर्षं लेथवर उभा होता. नुसत्या आवाजावरून लोखंडातली खोट सांगेल असा कारागीर, पण सुपरवायझरच्या परीक्षेत या भौतिकशास्त्राच्या गणितांनी त्याला दोनदा आपटलं होतं. यंदाची खेप शेवटची. पुढच्या वर्षी वय निघून जाणार. त्याच्याच हाताखाली शिकलेली पोरं आता "ए अभिमन" म्हणून हुकूम सोडत, ते त्याच्या जिव्हारी लागे.

आणि पास झालं की बदली थेट जबलपूरला, हेही ठरलेलं. घरात माय दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली. तिला हलवायची सोय नाही. म्हणजे बायकोनं, सुगंधानं इथं राहायचं आणि यानं एकट्यानं जायचं. कधी कधी पुस्तक उघडं ठेवून तो बसून राही. वाटे, नापासच झालो तर बरं. मग स्वतःचीच लाज वाटे.

"आयकतस का?" अंगणातून सुगंधानं हाक मारली. "जरा धरा ना. एकलीनं काम नही शे हाई."

मायची गोधडी रोज धुवावी लागे. अभिमन उठला. एक टोक त्यानं धरलं, एक तिनं, आणि दोघं मागे रेलून पिळू लागले.

"काय वीस-वीस लाई राखं शे सकायपाईन?" तिनं विचारलं.

"हाईच ते! तू बी वढस, मी बी वढस. मंग ताण दुप्पट नही का?"

सुगंधा गालात हसली आणि तिनं टोक सोडून दिलं. अभिमन दाणकन चिखलात बसला.

"आते सांगा, कितला ताण शे?"

सर ओट्यावर पोट धरून हसत होते. "सुगंधाबाई, बारा रविवार मी घसा फोडतोय, तुम्ही एका झटक्यात शिकवलंत की!"

"मी धरस म्हनीसन तुम्ही पडतस नही," ती म्हणाली. "दुप्पट कसानं?"

अभिमन चिखल झाडत उठला, पण हट्ट सोडायला तयार नाही. शेवटी सरांनी शेजारच्या पुना रद्दीवाल्याचा ताणकाटा आणवला. मध्ये काटा, दोन्हीकडे दोरी. एका टोकाला नवरा, दुसऱ्या टोकाला बायको. काटा दहावर आला. मग सुगंधाचं टोक सरांनी ओट्याच्या खांबाला बांधलं.

"ओढ आता, दहावर येईपर्यंत. मघापेक्षा जास्त जोर लागला?"

"नाही सर. तेवढाच." अभिमन खांबाकडे बघतच राहिला. "म्हनजे खांब बी दहा किलोनं वढस?"

"खांब काय वढस?" सुगंधा गोधडी झटकत म्हणाली. "तो ते नुसता उभा शे. पन सोडत नही."

परीक्षेला ताणाचं गणित आलंच. या वेळी अभिमननं बैल जुंपले नाहीत. निकाल लागला त्या दिवशी सर पेढे घेऊन आले आणि पहिला पेढा त्यांनी सुगंधाच्या हातावर ठेवला.

जायचा दिवस उजाडला. मायच्या पाया पडून, पिशवी घेऊन तो अंगणात आला. सुगंधानं धुतलेल्या गोधडीचं एक टोक खांबाला गाठ मारून बांधलं होतं.

"धरू का?" त्यानं पिशवी खाली ठेवली.

"नका. नवा कपडा वल्ला व्हतीन." ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. "तुम्हीच शिकनात ना? खांबले बांधं तरी ताण तितलाच."

"तितलाच," तो म्हणाला आणि त्यानं पिशवी उचलली.

"जा आते. एसटी निंघी जाई."

वळणावर त्यानं मागे पाहिलं. सुगंधा मागे रेलून पीळ देत होती. खांब हलला नाही. गोधडीतून पाणी निथळत होतं, दोघं पिळायचे तेव्हा निथळे तेवढंच. गणित अगदी बरोबर होतं. एवढ्या कष्टानं शिकलेलं ते गणित आजच्या दिवस तरी चुकायला हवं होतं, असं अभिमनला फार वाटलं.